गारपिटीचा फोटो, लग्नाचा फोटो आणि वायफायचं कार्ड : पैसे देण्याआधी एवढं बघा

लग्नसराई तोंडावर आली की तालुक्याच्या बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत एक विषय हमखास निघतो. कॅमेरा जुना आहे पण चांगला चालतो, विकायचा नाही. फक्त काढलेला फोटो तिथल्या तिथे मोबाइलवर आला पाहिजे. कारण आता अक्षता पडून पाच मिनिटं होत नाहीत तोच पाहुणे मागे लागतात, "भाऊ, स्टेटसला टाकायला एखादा द्या की." अल्बम दोन महिन्यांनी मिळाला तरी चालतो, हा एक फोटो मात्र जेवणाच्या पंगती उठायच्या आत लागतो.

गावोगावच्या वार्ताहरांचीही हीच अडचण. गारपीट झाली, बांधावर उभं राहून पन्नास फोटो काढले, पण ते सगळे कॅमेऱ्यात. बातमी मोबाइलवर टाइप करून गेली. फोटो जाणार घरी पोहोचल्यावर, लाइट असेल तर, संगणक सुरू झाला तर. तोवर शेजारच्या तालुक्याची बातमी फोटोसकट लागलेली असते आणि आपल्या गावच्या आडव्या झालेल्या गव्हाची दोन ओळींत बोळवण होते.

मग कुणीतरी सुचवतं, "वायफायचं मेमरी कार्ड मिळतं ना, ते टाक." ऑनलाइन जुन्या मालाच्या बाजारात शोधलं की ते सापडतंही, आणि किंमत बघून मोह होतो. पैसे जातात, कार्ड येतं, कॅमेऱ्यात बसतं, फोटोही निघतात. मोबाइलवर मात्र काहीच येत नाही. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, कार्ड चालू आहे. गंमत अशी की तो खोटं बोलत नसतो. कार्ड चालूच असतं, फक्त त्याचं वायफाय कधीच संपलेलं असतं. हा घोळ नेमका काय आहे आणि त्यातून वाट कशी काढायची, ते समजून घेण्यासारखं आहे.

सायबर कॅफे आणि शॉर्टकटचा व्हायरस

थोडं मागे जाऊ. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र सगळीकडे गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षबागा, डाळिंब, काही राहिलं नाही. त्या वेळी तालुक्यातल्या फोटोग्राफरांच्या हातात कॅननचे ६००डी, ७००डी असायचे, निकॉनचा डी३२०० असायचा. फोटो उत्तम यायचे, पण यातल्या एकाही कॅमेऱ्यात वायफाय नव्हतं. कार्ड काढायचं, मोटारसायकलला किक मारायची, तालुक्याच्या गावी सायबर कॅफे गाठायचा, तिथल्या संगणकाला कार्ड लावायचं आणि ई-मेल जाईपर्यंत चहा प्यायचा.

त्या सायबर कॅफेने अनेकांना एक धडा दिला. संगणकात व्हायरस असायचाच. कार्ड परत कॅमेऱ्यात टाकलं की फोटो गायब, आणि घरच्या संगणकावर बघावं तर फोल्डरच्या जागी शॉर्टकटची बारीक बाणवाली चित्रं. कित्येकांनी घाबरून कार्ड फॉरमॅट केलं आणि फोटो खरोखरच घालवले. वास्तविक त्या व्हायरसने फोटो बहुतेक वेळा फक्त लपवलेले असायचे. 'लपलेल्या फाइल दाखवा' हे सेटिंग केलं की ते पुन्हा दिसायचे. आजही कुणाला हा अनुभव आला तर शॉर्टकटवर क्लिक करू नये, कार्ड फॉरमॅट करू नये, अँटिव्हायरस असलेल्या दुसऱ्या संगणकावर आधी फोटो उतरवून घ्यावेत.

म्हणजे कार्ड कॅमेऱ्यातून बाहेर काढावंच लागू नये, ही गरज खरी होती. शिवाय कार्ड इतकं लहान की खिशातून पडलं तर शेतात सापडायचं नाही. एका लग्नाचं सगळं काम त्या नखाएवढ्या वस्तूत असतं, आणि लग्न काही दुसऱ्यांदा लावता येत नाही.

कार्डाच्या पोटात काय असतं

एसडी कार्ड म्हणजे साठवणीची कणगी. १९९९ मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक (तेव्हाची मात्सुशिता) आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून ते आणलं. साध्या कार्डात दोनच गोष्टी: माल ठेवायची चिप आणि माल कुठे ठेवला याचा हिशेब बघणारा कंट्रोलर. वायफायच्या कार्डात त्याच मापात आणखी एक छोटा रेडिओ आणि एक बारकासा संगणक बसवलेला असतो. ट्रान्सेंड कंपनीच्या वायफाय कार्डात तर चक्क लिनक्स चालतं, हे २०१३ मध्ये हौशी मंडळींनी ते उघडं पाडून दाखवलं होतं. नखाएवढ्या जागेत एवढा संसार.

या संसाराला वीज कुठून? कॅमेऱ्याच्या बॅटरीतून. कार्डाला स्वतःची बॅटरी नसते. म्हणून कॅमेरा बंद झाला की कार्डाचं वायफायही बंद. ही साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे निम्म्या तक्रारी येतात. बहुतेक कॅमेरे बॅटरी वाचवायला अर्ध्या-एक मिनिटात आपोआप झोपी जातात. फोटो अर्धा गेलेला असतो आणि मोबाइलवर फिरणारं चक्र थांबतं. कॅमेऱ्याच्या मेनूत 'ऑटो पॉवर ऑफ' म्हणून सेटिंग असतं, ते चार-पाच मिनिटांवर न्यावं. बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरेल हे धरून चालावं आणि हळदीपासून वरातीपर्यंतच्या कामाला आणखी एक बॅटरी खिशात ठेवावी.

दुसरी गोष्ट पल्ल्याची. या कार्डाचा ॲन्टेना केवढा असणार? त्यातून कार्ड बसतं कॅमेऱ्याच्या खोबणीत, आणि महागड्या कॅमेऱ्यांचं अंग धातूचं असतं. धातू रेडिओच्या लहरी अडवतो. त्यामुळे स्टेजवरून मांडवाच्या दारातल्या संगणकावर फोटो जातील ही अपेक्षा धरू नये. कॅमेरा आणि मोबाइल एकाच माणसाजवळ, फार तर एकाच खोलीत असावेत. प्लॅस्टिकच्या अंगाचा स्वस्त कॅमेरा इथे महागड्याला मागे टाकतो, हे ऐकून काहींना बरं वाटेल.

वेगाचंही तसंच. जेपीईजी फोटो साधारण पाच-सात एमबीचा असतो, तो काही सेकंदांत येतो. रॉ फाइल वीस-पंचवीस एमबीची, ती रेंगाळते, आणि काही कार्डं तर रॉ पाठवतच नाहीत. व्हिडिओचा नाद करूच नये. मिनिटभराच्या व्हिडिओला चहा पिऊन होतो. जे फोटोग्राफर रॉमध्ये काम करतात त्यांनी कॅमेऱ्यात 'रॉ अधिक जेपीईजी' ठेवावं. रॉ अल्बमसाठी कार्डातच राहू द्यावी, छोटी जेपीईजी मोबाइलवर आणावी.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो: मोबाइलवरून कार्डातला नको असलेला फोटो पुसता येतो का? बहुतेक कार्डं ते सहज करू देत नाहीत, आणि ते शहाणपणाचंच आहे. कार्डात कोणता फोटो कुठे ठेवला याची एक नोंदवही असते. कॅमेरा धरून चालतो की ही वही फक्त आपणच लिहितो. त्याला न सांगता बाहेरून कुणी नोंद खोडली तर एकाच गावचे फेरफार दोघांनी दोन ठिकाणी बसून लिहावेत तसा प्रकार होतो. कुणाचं खरं धरायचं हे कळत नाही आणि मधल्यामध्ये भलत्याच फोटोची जागा जाते. पुसायचं ते कॅमेऱ्यातूनच पुसावं.

दोन जातीची कार्डं, आणि फसगत इथेच

आता मूळ मुद्दा. वायफायची कार्डं दिसायला सारखी, पण त्यांच्या दोन जाती आहेत. एक जात कंपनीच्या भरवशावर चालते, दुसरी स्वतःच्या पायावर.

पहिल्या जातीतलं नाव आय-फाय. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या या कंपनीने २००७ मध्ये पहिलं कार्ड विकायला काढलं. २ जीबीचं, किंमत जवळपास १०० डॉलर. कल्पना अशी की फोटोग्राफर घरी आला, कॅमेरा चालू केला की कार्ड घरचं वायफाय ओळखतं आणि फोटो आपोआप संगणकावर नाहीतर इंटरनेटवरच्या खात्यात जाऊन पडतात. पुढे यातल्या काही कार्डांत फोटो कुठे काढला याची नोंद करायचीही सोय आली. ती आजूबाजूच्या वायफायवरून ठिकाण ओळखायची. शहरात ठीक. आपल्याकडे शिवारात उभं राहून आजूबाजूला वायफाय शोधायचं म्हटलं तर विहिरीवरची मोटारच सापडायची.

हे कार्ड इतकं गाजलं की कॅनन, निकॉनने आपल्या कॅमेऱ्यांच्या मेनूत त्याच्या नावाचं वेगळं सेटिंग दिलं. जुन्या कॅमेऱ्यात आय-फाय कार्ड टाकलं की ते सेटिंग अजूनही दिसतं. ते बघून घेणाऱ्याला वाटतं, झालं, काम होणार.

पण या कार्डांची सेटिंग कंपनीचं सॉफ्टवेअर, कंपनीचं खातं आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यामार्फत व्हायची. कुठल्या वायफायला जोडायचं, फोटो कुठे पाठवायचा, हे सगळं तिकडून ठरायचं. २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं की एक्स२ मालिकेची आणि तिच्याआधीची कार्डं १६ सप्टेंबर २०१६ पासून बंद. कार्ड बिघडलं नव्हतं, त्यातली चिप धडधाकट होती. पण जिच्या होकाराशिवाय वायफाय हलत नव्हतं ती कंपनीच उठून गेली. पाण्याची मोटार आपली, पाइप आपला, विहिरीत पाणीही आहे, पण स्टार्टरची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आणि तो गाव सोडून गेला, असा हा प्रकार. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबाबत असं व्हावं याचा राग जगभरच्या फोटोग्राफरांना आला आणि तो रास्तच होता.

याच कंपनीचं 'मोबी' नावाचं कार्ड २०१३ मध्ये आलं. ते थेट मोबाइलशी जोडायचं, पण त्याला एक कोड लागतो आणि तो कार्डाच्या डबीवर छापलेला असतो. जुन्या बाजारात कार्ड सुटं विकतात, डबी कधीच कचऱ्यात गेलेली असते. कोड नाही तर जोडणी नाही. शिवाय त्याचं ॲप आजच्या मोबाइलवर चढतं का, हा वेगळाच प्रश्न. म्हणून आय-फायचं कुठलंही कार्ड वायफायसाठी म्हणून आज घेऊ नये. कितीही स्वस्त असलं तरी.

दुसऱ्या जातीत तोशिबाचं फ्लॅशएअर, ट्रान्सेंडचं वायफाय कार्ड आणि चिनी ईझी शेअर येतात. फ्लॅशएअर २०१२ मध्ये बाजारात आलं. यांची तऱ्हा वेगळी. हे कार्ड स्वतःच एक छोटं वायफाय सोडतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटसारखं. मोबाइलच्या वायफायच्या यादीत त्याचं नाव दिसतं, त्याला जोडायचं आणि ब्राउझर किंवा ॲप उघडून कार्डातले फोटो बघायचे. ना खातं, ना सर्व्हर, ना इंटरनेट. नेटवर्क नसलेल्या वाडीवरसुद्धा हे चालतं, कारण सगळा व्यवहार कॅमेरा आणि मोबाइल या दोघांतला. कंपनीने दुकान आवरलं तरी कार्ड चालत राहतं. तोशिबाचा मेमरीचा धंदा २०१९ पासून किऑक्सिया या नावाने चालतो आणि फ्लॅशएअर आता मिळालंच तर जुनंच मिळतं. पण मिळालेलं चालतं.

जोडलं तरी फोटो का येत नाही

हे कार्ड मिळालं तरी पहिल्या दिवशी बहुतेकजण एका ठिकाणी अडकतात. मोबाइल कार्डाच्या वायफायला जोडला की मोबाइल कुरकुरतो, 'या नेटवर्कला इंटरनेट नाही'. साहजिक आहे, कार्डाजवळ कुठलं आलंय इंटरनेट. पण मोबाइल शहाणपणा करून गुपचूप परत मोबाइल डेटावर उडी मारतो आणि ॲप म्हणतं, कार्ड सापडत नाही. उपाय सोपा. 'तरीही जोडलेलं ठेवा' असा पर्याय आला तर तो दाबावा, नाहीतर तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करावा. फोटो मोबाइलमध्ये उतरले की कार्डाचं वायफाय सोडावं, डेटा चालू करावा आणि मग फोटो पुढे पाठवावा. अँड्रॉइडवर ॲपला लोकेशनची परवानगी द्यावी लागते, ती नाकारली तर त्याला जवळचं वायफाय दिसतच नाही. आयफोनवर 'लोकल नेटवर्क'ची परवानगी विचारतात, तिला हो म्हणावं.

पासवर्डकडे मात्र कुणी बघत नाही आणि ते चुकीचं आहे. फ्लॅशएअर आणि ट्रान्सेंडच्या कार्डाचा कंपनीने दिलेला पासवर्ड म्हणजे एक ते आठ आकडे ओळीने. ईझी शेअरचा तर आठ वेळा आठ. हे जगाला माहीत आहे. मंगल कार्यालयात शेजारच्या खुर्चीवर बसलेलं एखादं पोरगं कार्डाचं नाव बघून जोडून घेईल आणि नवरीच्या खोलीतले फोटो त्याच्या मोबाइलवर जातील. लोकांच्या लेकीबाळींचे फोटो आपल्या भरवशावर असतात. कार्ड हातात आल्याबरोबर पासवर्ड बदलावा, कार्डाच्या वायफायचं नावही बदलावं, आणि मगच ते कामाला काढावं.

फॉरमॅटचं आणखी एक. प्रत्येक कामाआधी कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करायची फोटोग्राफरांची सवय चांगली आहे, पण फ्लॅशएअरच्या बाबतीत ती नडते. त्याच्या वायफायची सेटिंग कार्डातल्याच एका लपलेल्या फोल्डरमध्ये असते. फॉरमॅट केलं की फोटोंबरोबर तीही जाऊ शकते, मग वायफाय दिसत नाही आणि माणूस कार्ड मेलं म्हणून फेकून देतो. त्यासाठी कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे; कार्ड रिकामं करायचं तर संगणकावर त्यातूनच करावं. लग्नाच्या घाईत असाल तर फक्त फोटो पुसावेत.

कॅमेऱ्याचा मेनू एकदा नीट बघा

कार्डावर पैसे घालण्याआधी एक काम फुकटात होतं. आपल्या कॅमेऱ्यात वायफाय आधीपासून आहे का, ते बघणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण कॅमेरा घेऊन वर्षं झाली तरी हे न बघितलेले बरेच आहेत. कॅननच्या डीएसएलआरमध्ये वायफाय पहिल्यांदा आलं २०१२ च्या ६डीमध्ये, निकॉनच्या २०१३ च्या डी५३०० मध्ये. १२००डीमध्ये नाही, पण २०१६ च्या १३००डीमध्ये आहे. ७००डीमध्ये नाही, ७५०डीमध्ये आहे. निकॉनच्या डी३२०० आणि डी३३०० ला बाहेरून एक छोटा डोंगल लावायची सोय आहे, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. डी३४०० ची गंमत निराळी: त्यात वायफाय नाही, फक्त ब्लूटूथ आहे. ब्लूटूथने निकॉनच्या स्नॅपब्रिज ॲपवर २ मेगापिक्सेलचा लहान फोटो आपोआप येतो. स्टेटसला, व्हॉट्सॲपला, वेबसाइटच्या बातमीला तो पुरतो. छापील पानावर मोठा लावायचा असेल तर नाही पुरत.

ज्यांच्या कॅमेऱ्यात सोय आहे त्यांनी कंपनीचं ॲप मोबाइलवर घ्यावं, एकदा घरी बसून जोडणी करून बघावी, आणि वायफायच्या कार्डाचा विचार सोडून द्यावा. आतलं वायफाय कार्डापेक्षा भरवशाचं असतं. कार्डांचा धंदा बसला तो यामुळेच. कॅमेरेच वायफाय घेऊन यायला लागल्यावर कार्ड कोण घेणार? जोडणीची पहिली वेळ मात्र मांडवात आणू नये. तिथे घाम फुटतो.

सगळ्यात स्वस्त वाट तारेची

आणि ज्यांच्या कॅमेऱ्यात वायफाय नाही त्यांनी काय करायचं? खरं सांगायचं तर आज बहुतेकांचं काम दोन-चारशे रुपयांच्या ओटीजी कार्ड रीडरने भागतं. कार्ड काढायचं, रीडरमध्ये घालायचं, रीडर मोबाइलच्या चार्जिंगच्या तोंडाला लावायचा. फोटो वायफायपेक्षा जलद उतरतात, कॅमेऱ्याची बॅटरी जात नाही, पासवर्डची भानगड नाही, रॉ फाइलही येते. बिनतारी गोष्टीचं कौतुक आपल्याला जरा जास्तच असतं. बांधावर उभ्या माणसाला तार चालते. त्याला फक्त फोटो जाण्याशी मतलब.

यातही दोन खाचा आहेत. पहिली साधी: काही कंपन्यांच्या मोबाइलमध्ये ओटीजीचं बटण सेटिंगमध्ये वेगळं असतं आणि ते थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. रीडर लावला आणि काही झालं नाही तर रीडर परत करण्याआधी ते बटण बघावं.

दुसरी खाच महागात पडणारी आहे. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या पद्धतीने भरलेली असतात. काही जुन्या अँड्रॉइड मोबाइलना ती वाचता येत नाही. अशा वेळी मोबाइल सरळ म्हणत नाही की मला वाचता येत नाही. तो म्हणतो, 'कार्ड खराब आहे, फॉरमॅट करायचं का?' आणि खाली मोठं बटण. घाईत, उन्हात, एका हातात कॅमेरा धरून माणूस ते बटण दाबतो आणि दिवसभराची कमाई पुसली जाते. मोबाइलने फॉरमॅट विचारलं की रीडर ओढून काढावा, कार्ड परत कॅमेऱ्यात टाकावं. तिथे फोटो दिसले तर कार्ड चांगलं आहे, मोबाइल जुना आहे. ज्यांचा मोबाइल जुना त्यांनी कामाला ३२ जीबीचीच कार्डं वापरावीत. आणि चुकून फॉरमॅट झालंच तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरेचदा फोटो परत मिळतात, पण नव्याने लिहिलं गेलं की जुनं मिळत नाही.

फोटो आला, आता पुढे पाठवताना

एवढी खटपट करून मोठा फोटो मोबाइलवर आणायचा आणि व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा टाकून द्यायचा, हे रोज होतं. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि त्याच्यासोबतची माहिती, म्हणजे कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला, ती काढून टाकतं. बातमीसाठी, बॅनरच्या छपाईसाठी किंवा पुरावा म्हणून फोटो द्यायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. मग तो जसाच्या तसा जातो.

पुरावा म्हटलं की दोन गोष्टी तपासाव्या लागतात. कॅमेऱ्यातली तारीख पहिली. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की घड्याळ मागे जातं आणि कालच्या गारपिटीच्या फोटोवर दहा वर्षांपूर्वीची तारीख पडते. वाद झाला तर समोरचा हेच बोट ठेवतो. दुसरी गोष्ट ठिकाणाची. आपल्याकडच्या बहुतेक कॅमेऱ्यांत जीपीएस नाही. त्यामुळे ज्या कामाला ठिकाणाची नोंद असलेला फोटो मागतात, तिथे कॅमेऱ्यातला फोटो मोबाइलवर आणून उपयोग नाही; मोबाइल बाहेर काढून लोकेशन चालू करून त्याच्यावरच काढावा. शेतकऱ्याने नुकसानीचे फोटो गावच्या फोटोग्राफरकडून काढून घेतले असले तरी दोन-चार फोटो स्वतःच्या मोबाइलवर, गट नंबरची खूण किंवा ओळखीचं झाड, विहीर, रस्ता चौकटीत येईल असे काढून ठेवावेत. कॅमेऱ्याचा फोटो सुंदर येतो, पण तो कुठल्या शेताचा हे तो सांगत नाही.

आता राहिला प्रश्न ज्यांनी आय-फायचं कार्ड घेऊन टाकलंय त्यांचा. ते फेकू नका. वायफाय गेलं तरी त्यातली कणगी शाबूत आहे आणि साधं मेमरी कार्ड म्हणून ते चालतं. पाच एमबीचा एक फोटो धरला तर ८ जीबीच्या कार्डात दीडेक हजार फोटो बसतात. एखादा साखरपुडा, बारसं किंवा शाळेचं स्नेहसंमेलन त्यात आरामात होतं. फक्त कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन त्याच्या नावाचं सेटिंग 'डिसेबल' करावं, म्हणजे ते सापडणारच नसलेलं वायफाय शोधत बसून बॅटरी खाणार नाही.